सीपॅपचं बिल: मशीनपेक्षा तारखा महाग पडतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टरांचं घोरणं आणि दिवसभराची पेंग बघून डॉक्टरांनी घरच्या घरी झोपेची चाचणी करायला लावली. एएचआय (झोपेत दर तासाला श्वास थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे प्रसंग) २२ आला आणि ७ ऑक्टोबरला सीपॅप (झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावरचं, म्हणजे स्लीप ॲप्नियावरचं, मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन) घरी आलं. पहिल्या मास्कचे थोडे वेगळे पैसे आणि डिसेंबरपर्यंत दर महिन्याला १८ डॉलर ४० सेंट असं बिल येत होतं. जानेवारीत ते एकदम ३०६ डॉलर झालं. त्यातले ९२ डॉलर मशीनचं भाडं आणि २१४ डॉलर तुम्ही न मागवलेल्या खोक्यातल्या सामानाचे. भाडं एकूण दहा महिने चालणार. तेच मशीन ऑनलाइन ७०० डॉलरला दिसतंय, तर हे परत करून ते घ्यावं का? आणि येत्या एप्रिलपासून सासरे मेडिकेअरवर (अमेरिकेतला मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) जाणार आहेत. त्यांच्याकडे स्वतःचं मशीन आहे, तर त्यांचं काय करायचं?

मी अमेरिकेत आधी स्लीप लॅबमध्ये रात्रपाळीची टेक्निशियन होते आणि नंतर अकरा वर्षं अशीच उपकरणं पुरवणाऱ्या एका कंपनीच्या बिलिंग खात्यात काढली. म्हणजे तुम्हाला येतात तशी बिलं मी स्वतः पाठवलेली आहेत. सरळ सांगते: मशीन परत करू नका. खोक्याबद्दल मात्र आजच फोन करा. आणि या दोन्हींच्या आधी ९० दिवसांच्या नियमाचं (मशीन पुरेसं वापरल्याचं पहिल्या तीन महिन्यांत दिसावं लागतं) काय झालं ते बघा, कारण ती मुदत ५ जानेवारीच्या आसपास संपून गेलेली आहे आणि तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही.

जानेवारीत बिल का फुगलं ते आधी. गेल्या मार्चमध्ये तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, त्यात त्या वर्षाचं ३,५०० डॉलरचं डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी दरवर्षी आपल्या खिशातून भरायची रक्कम) संपलं. ऑक्टोबरपासून तुमच्या वाट्याला फक्त २० टक्के उरले. ९२ चे २० टक्के म्हणजे बरोबर १८ डॉलर ४० सेंट. १ जानेवारीला डिडक्टिबल पुन्हा शून्यावर आलं आणि ९२ चे ९२ तुमच्या अंगावर पडले. कोणी दर वाढवलेला नाही. भाड्याची हीच गंमत आहे. एकाच वस्तूचे पैसे दोन वर्षांत विभागले जातात, आणि मशीन मार्चमध्ये सुरू झालं की नोव्हेंबरमध्ये यावर घरातून जाणारी रक्कम बदलते. चाचणी आणि मशीन दोन्ही एकाच वर्षात, त्यातही डिडक्टिबल संपल्यावर लगेच झाली तर सगळ्यात स्वस्त पडतं. पण ज्याचं घोरणं मध्येच थांबून श्वास अडकतोय त्याला ‘थांबा, आधी डिडक्टिबल संपू द्या’ असं मी कधी सांगितलेलं नाही.

आता ७०० डॉलरच्या मशीनचा हिशोब. तुमचे सात हप्ते उरलेत, सात गुणिले ९२ म्हणजे ६४४. ही रक्कम ७०० पेक्षा कमी आहेच, शिवाय ती डिडक्टिबलमध्ये मोजली जाते. ऑनलाइन रोख घेतलेल्या मशीनचे पैसे प्लॅनच्या खात्यावर चढत नाहीत. वर्षात घरात दुसरं काही उद्भवलं, मुलाचा हात मोडला, कोणाचा एमआरआय निघाला, तर हे ६४४ डॉलर आधीच भरलेले धरले जातील, ते ७०० धरले जाणार नाहीत. सप्लायरला, म्हणजे मशीन पुरवणाऱ्या कंपनीला, एवढं विचारून बघा की उरलेलं भाडं एकदम भरून मशीन आपल्या नावावर करून घेता येईल का. काही प्लॅनमध्ये चालतं, काहींत चालत नाही.

मात्र हा हिशोब दुसऱ्या कोणी डोळे झाकून उचलू नये, कारण सुरुवातीलाच असाल तर उत्तर उलटं येऊ शकतं. समजा वर्ष नुकतंच सुरू झालंय, डिडक्टिबल पूर्ण बाकी आहे, घरात सगळे ठणठणीत आहेत आणि इन्शुरन्सचा मान्य दर भाडं, ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी टाकी) आणि मास्क धरून १,३०० डॉलरवर जातोय. तर इन्शुरन्स ‘वापरून’ तुम्ही १,३०० भरणार, आणि चांगलं ऑटो सीपॅप (दाब आपोआप कमीजास्त करणारं) ह्युमिडिफायरसकट रोखीनं साधारण ६०० ते १,००० डॉलरला मिळतं. अशा वेळी इन्शुरन्सला मध्ये न आणणं शहाणपणाचं. मोठं डिडक्टिबल असलेल्या कित्येक घरांत लोक ‘कव्हर्ड आहे’ एवढा शब्द ऐकून खूश होतात. कव्हर्ड याचा अर्थ फक्त इतकाच की प्लॅन या वस्तूला ओळखतो. पैसे कोण देणार ते डिडक्टिबल ठरवतं.

म्हणून सही करण्याआधी सप्लायरकडून तीन आकडे लेखी घ्यायचे: महिन्याचा मान्य दर, किती महिने, आणि मास्क-नळीचा मान्य दर. ‘बिल्ड अमाउंट’ विचारू नका, तो आकडा भाजीवाल्यानं पहिल्यांदा सांगितलेल्या भावासारखा असतो. सप्लायर इन-नेटवर्क (तुमच्या प्लॅनशी करार असलेला) असेल तर ‘अलाउड अमाउंट’, म्हणजे मान्य दर, हाच खरा भाव. फोनवरची मुलगी ‘इन्शुरन्सला बिल केल्यावरच कळेल’ असं म्हणेल. ते खरं नाही. सप्लायरकडे प्रत्येक प्लॅनचा दरतक्ता असतो आणि त्यात प्रत्येक वस्तूचा कोड असतो. कोड सांगून विचारलंत तर आवाज लगेच बदलतो: सीपॅप मशीन ई०६०१, तापणारं ह्युमिडिफायर ई०५६२, पूर्ण चेहऱ्याचा मास्क ए७०३०, नाकाचा मास्क ए७०३४. हेच कोड इन्शुरन्स कंपनीला विचारले तर तिकडूनही तोच दर मिळायला हवा. दोन आकडे जुळले नाहीत तर तिथेच थांबा.

पैसे कुठूनही जावोत, एचएसए किंवा एफएसए (औषधपाण्याच्या खर्चासाठी करमुक्त पैसे ठेवायची खाती) असेल तर त्यातूनच भरा. मशीन, मास्क, नळी, फिल्टर सगळं त्यात बसतं. एचएसएमध्ये आणखी एक सोय आहे जी फार लोक वापरत नाहीत: खातं उघडल्यानंतरचा खर्च असेल तर पावती जपून ठेवून पैसे पुढे कधीही काढता येतात, त्याच वर्षी काढायची सक्ती नाही.

आता ९० दिवसांबद्दल, जिथे सगळ्यात जास्त घरं फसतात.

मेडिकेअरचा नियम असा आहे की पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांचा असा एक तरी पट्टा सापडला पाहिजे ज्यात ७० टक्के रात्री, म्हणजे ३० पैकी २१ रात्री, मशीन किमान चार तास चाललंय. शिवाय ३१ व्या ते ९१ व्या दिवसाच्या दरम्यान डॉक्टरांना समोरासमोर भेटून ‘फरक पडतोय’ हे त्यांच्या नोंदीत उतरायला हवं. बऱ्याच खासगी कंपन्यांनी हाच नियम थोडाफार फिरवून घेतलाय. मशीनमधला मोडेम रोजचे तास कंपनीकडे पाठवत असतो, त्यामुळे तोंडी सांगून काही होत नाही. नियम पाळला गेला नाही तर चौथ्या महिन्यापासून भाडं थांबतं आणि सप्लायर एक तर मशीन परत मागतो किंवा पूर्ण रक्कम तुमच्याकडे मागतो.

चार तास म्हणजे चार तास. ३ तास ५० मिनिटं म्हणजे त्या रात्रीचं शून्य. एक गृहस्थ आठवतात, रोज रात्री अकराला मास्क लावायचे, पावणेतीनला बाथरूमला उठायचे आणि परत येऊन तसेच झोपायचे. महिनाभर प्रामाणिकपणे मशीन वापरलं आणि रिपोर्टमध्ये एकही रात्र धरली गेली नाही. त्यांना आम्ही दुसरं काही सांगितलं नाही, फक्त जेवणानंतर टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायला सांगितलं. रेसमेड कंपनीच्या मशीनचा दिवस दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा असा असतो आणि त्यातले सगळे तुकडे बेरजेत येतात. खुर्चीतला अर्धा तास, पहाटेची एक डुलकी, सगळं. ही पळवाट मुळीच नाही. मास्कची सवय व्हायला जागेपणी लावून बसणं हा लॅबमध्ये आम्ही रोज सांगायचो तोच उपाय आहे.

तुमच्याकडे एक गुंता आहे. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला होतात, मशीन बरोबर नेलं होतं, पण ॲपमध्ये त्या रात्री कोऱ्या दिसतात. मोडेमला तिकडचं नेटवर्क मिळत नाही म्हणून असं होतं. मशीन रात्री विसरत नाही. परत आल्यावर बरेचदा काही दिवसांचा डेटा आपोआप वर चढतो. नाहीच चढला तर मशीनच्या कडेला एसडी कार्डाची खाच असते, कार्ड आत असेल तर ते काढून क्लिनिकमध्ये नेऊन द्या, ते वाचून रिपोर्ट काढतात. पण मला वाटतं तुम्हाला त्याची गरजच पडू नये. ७ ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात या साठ दिवसांत सलग ३० दिवसांचा चांगला पट्टा असेल तर नियम तिथेच पाळला गेला, नंतरच्या कोऱ्या रात्रींनी तो मोडत नाही. क्लिनिकला फोन करून ‘बेस्ट थर्टी डेज’चा रिपोर्ट मागा, हाच शब्द वापरा. आणि डॉक्टरांची भेट झाली होती का ते कॅलेंडरमध्ये तपासा. झाली नसेल तर या आठवड्यात घ्या आणि सप्लायरला सांगा की भेट ठरलीय, तोवर क्लेम अडवू नका. खासगी प्लॅनमध्ये दोनचार आठवड्यांचा उशीर बहुधा सांभाळून घेतात. मेडिकेअर याबाबतीत कडक आहे. तिथे पहिल्या बारा आठवड्यांत नापास झालात तर डॉक्टरांची नवी भेट तर लागतेच, वर झोपेची चाचणीही पुन्हा, आणि तीही घरी न होता लॅबमध्ये.

ज्यांच्याकडे मशीन अजून यायचंय त्यांना एकच सांगणं: भारताचं तिकीट काढलेलं असेल तर मशीन परत आल्यावर सुरू करा. पहिल्या ९० दिवसांत पाच आठवडे मशीन घरी ठेवून लग्नाला गेलेली माणसं मी इतकी बघितलीत की आमच्या टेबलावर आम्ही त्याला ‘लग्नसराईचा डिनायल’, म्हणजे लग्नापायी नाकारलेला क्लेम, म्हणायचो. मशीन नेणार असाल तर विमानात ते हातातल्या सामानाच्या मोजणीत धरत नाहीत, वैद्यकीय उपकरण म्हणून वेगळं जातं. चेक-इन बॅगेत टाकू नका.

आता तुमचं खोकं.

मास्कची गादी, नळी, फिल्टर या झिजणाऱ्या वस्तू आहेत आणि सप्लायरचं खरं उत्पन्न यांच्यावर चालतं. मशीन एकदा विकलं जातं, गाद्या वर्षानुवर्षं. म्हणून पहिल्याच दिवशीच्या कागदांच्या गठ्ठ्यात ‘ऑटो रिसप्लाय’ची एक सही असते आणि ती सगळे करतात. मेडिकेअरचं वेळापत्रक असं: पूर्ण मास्क दर तीन महिन्यांनी एक, पूर्ण चेहऱ्याच्या मास्कची गादी महिन्याला एक, नाकाच्या मास्कच्या गाद्या किंवा पिलो (नाकपुड्यांशी बसणारे मऊ तुकडे) महिन्याला दोन, नळी तीन महिन्यांनी एक, पातळ फिल्टर महिन्याला दोन, धुऊन वापरायचा फिल्टर सहा महिन्यांनी एक, डोक्याचा पट्टा म्हणजे हेडगिअर सहा महिन्यांनी एक, पाण्याची टाकी सहा महिन्यांनी एक. खासगी प्लॅनही बहुतेक हेच वेळापत्रक वापरतात. ही कमाल मर्यादा आहे, इतकं घ्यायलाच हवं असा अर्थ तिच्यात नाही. दवाखान्यातल्या माणसांना विचारा, त्यांच्या स्वतःच्या घरातली नळी वर्षभर चालते.

तुमच्या जानेवारीच्या खोक्यात मास्क, तीन गाद्या, नळी, सहा फिल्टर, हेडगिअर आणि टाकी असं सगळं आहे. ऑक्टोबरपासून तीनच महिने झालेत. म्हणजे हेडगिअर आणि टाकी वेळेच्या आधी आल्यात. यादीत त्या दोन ओळींचे मिळून ४१ डॉलर दिसतात. सप्लायरला सांगा, या दोन वस्तू सहा महिने व्हायच्या आधी पाठवल्यात, क्लेममधून काढा, मी परत पाठवते. बाकीचं खोकं उघडलं नसेल तर तेही परत घ्यायला सांगा, उघडलं असेल तर त्याचे पैसे भरा आणि विषय संपवा. मग एक ओळीची ईमेल टाका की यापुढे मी मागितल्याशिवाय काहीही पाठवू नका. फोनवर सांगून पुरत नाही, तीन महिन्यांनी ती मुलगी दुसऱ्या नोकरीवर असते. मेडिकेअरमध्ये तर सप्लायरनं आधी विचारणं सक्तीचं आहे आणि आधीचा माल संपायच्या १० दिवसांहून जास्त आधी पुढचा पाठवता येत नाही. खासगी प्लॅनमध्ये हे संरक्षण बरेचदा नसतं, म्हणून ती ईमेल.

डिडक्टिबल बाकी असलेल्या काळात गाद्या आणि फिल्टर इन्शुरन्समधून घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. फिल्टरची अख्खी पुडी ऑनलाइन किरकोळ पैशांत येते. गादी, नळी, फिल्टर यांना प्रिस्क्रिप्शन लागत नाही. अख्ख्या मास्कला लागतं, पण तेच भाग सुटे घेतले तर लागत नाही, म्हणून ऑनलाइन दुकानं हेडगिअर वगळून मास्क विकतात. यात काही काळंबेरं नाही. डिडक्टिबल संपलेल्या वर्षी मात्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच जे जे वेळापत्रकात बसतंय ते मागून घ्या. त्या महिन्यात तुमच्या वाट्याला पाचवा हिस्साच असतो.

दर महिन्याला गादी बदलावी लागतेय, हवा गळतेय, गालावर वळ उठतायत, अशी तक्रार असेल तर मास्कचा साइझ चुकलाय. सामान वाढवून ते सुधरत नाही. बऱ्याच उत्पादकांची मास्कवर ३० दिवसांची हमी असते, त्यात तो बदलून मिळतो. पहिल्या महिन्यातच भांडून योग्य मास्क मिळवणं हे बिलिंगपेक्षा मोठं काम आहे, कारण चार तास त्याच्यावर अवलंबून आहेत.

क्लेम नाकारला गेला तर घाबरू नका, आधी तो कोणाच्या माथी आहे ते वाचा. इन्शुरन्सच्या हिशोबात प्रत्येक कापलेल्या रकमेपुढे दोन अक्षरांचा गट असतो. पीआर म्हणजे रुग्णाची जबाबदारी: पीआर-१ डिडक्टिबल, पीआर-२ कोइन्शुरन्स (टक्क्यांतला तुमचा वाटा), पीआर-३ कोपे (दर वेळची ठरलेली रक्कम). सीओ म्हणजे सप्लायर आणि इन्शुरन्समधल्या कराराचा भाग, आणि तो इन-नेटवर्क सप्लायर तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. सीओ-१९७ म्हणजे पूर्वपरवानगी घेतली नव्हती, ती घेणं सप्लायरचं काम होतं. सीओ-१५१ म्हणजे इतक्या वेळा किंवा इतक्या संख्येनं देण्याला आधार नाही, तुमच्या हेडगिअरचं नेमकं हेच होऊ शकतं. तुमच्या घरी येणाऱ्या पत्रकात हे कोड नसतील, शब्दांत लिहिलेलं असेल, पण इन्शुरन्सला फोन करून ‘हे सीओ आहे की पीआर’ एवढं विचारलं की उत्तर मिळतं. मी बिलिंगमध्ये असताना सीओचे पैसे पेशंटला बिल झालेले मला दर आठवड्याला सापडायचे. मुद्दाम कोणी करत नव्हतं, सिस्टीम उरलेली रक्कम आपोआप पेशंटकडे ढकलायची, आणि निम्मे लोक मुकाट भरायचे.

खरंच चुकीचं नाकारलं असेल तर अपील करा. बहुतेक खासगी प्लॅनमध्ये नकार मिळाल्यापासून १८० दिवस असतात, मेडिकेअरमध्ये पहिल्या पायरीला १२० दिवस. अपिलाच्या पत्रात दुःख लिहू नका. चाचणीचा रिपोर्ट, वापराचा ३० दिवसांचा रिपोर्ट, डॉक्टरांच्या भेटीची नोंद आणि प्लॅनच्याच धोरणातली जी अट तुम्ही पूर्ण करता ती ओळ, एवढंच जोडा. मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर प्लॅनचे पैसे बहुधा कंपनीच भरत असते, इन्शुरन्सवाले फक्त कारभार बघतात. मग एचआरमधल्या बेनिफिट्सच्या माणसाला एक ईमेल टाकली की अडलेली फाइल आश्चर्यकारकपणे हलते.

नोकरी बदलायचा विचार असेल तर भाड्याच्या मध्यावर बदलू नका असं मी म्हणणार नाही, पण एवढं माहीत असू द्या की नवीन इन्शुरन्स भाड्याची मोजणी बरेचदा पहिल्यापासून सुरू करतं आणि नवी परवानगी, नवे कागद मागतं. दोनच हप्ते राहिले असतील तर ते स्वतः भरून मशीन नावावर करून घेणं परवडतं. चाचणीचा पूर्ण रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन आणि वापराचे रिपोर्ट स्वतःकडे पीडीएफमध्ये ठेवा. क्लिनिक बंद पडतं, डॉक्टर गाव बदलतात, आणि तो एक कागद नसल्यामुळे माणसं पुन्हा चाचणीचे पैसे भरतात.

जुनं मशीन कोणी देत असेल तर आधी त्याचा सिरियल नंबर तपासा. फिलिप्सनं जून २०२१ मध्ये आतला आवाज शोषणारा फोम खराब होतो म्हणून लाखो मशीन परत बोलावली होती, त्यातली अजून फिरतायत. ओझोननं मशीन धुणारी पेटी घेऊ नका. इन्शुरन्स सहसा तिचे पैसे देत नाही आणि २०२० मध्ये एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी अमेरिकी सरकारी संस्था) अशा पेट्यांबद्दल इशारा दिलेला आहे. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरे.

सासऱ्यांचं आता. मेडिकेअरमध्ये नवीन मशीन घेतलं तर भाडं १३ महिने चालतं, मग ते तुमचं होतं, आणि पुढचं मशीन साधारण पाच वर्षांनी. पार्ट बीचं (मेडिकेअरचा डॉक्टर आणि उपकरणांचा भाग) डिडक्टिबल संपल्यावर त्यांच्या वाट्याला २० टक्के. २०२५ साली ते डिडक्टिबल २५७ डॉलर होतं, दरवर्षी बदलतं. मेडिगॅप (मेडिकेअरला जोडून घ्यायचा खासगी पूरक विमा) घेतलं तर हे २० टक्के बहुधा त्यातून जातात. मेडिकेअर ॲडव्हांटेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) घेणार असतील तर सध्याचा सप्लायर त्या नेटवर्कमध्ये आहे का ते आधी बघा, नंतर नाही.

त्यांच्याकडे मशीन असल्यामुळे त्यांना फक्त मास्क-नळी लागेल. त्यासाठीही मेडिकेअर दोन गोष्टी मागतं: त्यांच्या निकषात बसणारी आधीची चाचणी, आणि मेडिकेअर सुरू झाल्यानंतर डॉक्टरांची एक भेट, जिच्या नोंदीत निदान आणि ‘अजूनही मशीन वापरतात’ हे दोन्ही लिहिलेलं असेल. मार्चमधली भेट चालणार नाही, एप्रिलमधली किंवा त्यानंतरचीच हवी.

आणि त्यांच्या रिपोर्टबद्दल, ज्याचा फोटो तुम्ही पाठवलात. वर एएचआय १८ आहे, पण खाली बारीक अक्षरात ‘४% नुसार ११’ लिहिलंय. हे दोन आकडे कसे? श्वास उथळ होऊन रक्तातला ऑक्सिजन ३ टक्के घसरला किंवा झोप चाळवली तर तो प्रसंग मोजायचा, ही झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेची पद्धत. मेडिकेअर ४ टक्क्यांची घसरण झाली तरच मोजतं. म्हणजे मेडिकेअरच्या दृष्टीनं ते ११ वर आहेत. १५ किंवा वर असता तर दुसरं काही लागलं नसतं. ५ ते १४ मध्ये असेल तर सोबत काहीतरी नोंदलेलं हवं: दिवसाची पेंग, निद्रानाश, विसराळूपणा, मनःस्थितीचा आजार, किंवा उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांपैकी काहीही. तुम्ही लिहिलंय की ते बीपीची गोळी दहा वर्षं घेतायत. मग झालं. पण ते एप्रिलच्या भेटीच्या नोंदीत लिहिलेलं असू द्या. जाताना गोळ्यांची यादी डॉक्टरांच्या हातात द्या आणि ‘स्लीप ॲप्नियासोबत उच्च रक्तदाब’ हे शब्द नोंदीत आलेत का ते निघण्यापूर्वी विचारून घ्या. तुमच्या मिस्टरांच्या रिपोर्टमध्येही ४ टक्क्यांचा आकडा आहे का बघून ठेवा. आज त्याची गरज नाही, पंधरा वर्षांनी लागेल.

पहिला मास्क मागवण्याआधी सप्लायरला एकच प्रश्न: ‘मेडिकेअरचं असाइनमेंट घेता का?’ घेत असेल तर मेडिकेअरनं ठरवलेल्या दरापेक्षा जास्त मागता येत नाही. घेत नसेल तर उपकरणांवर वरची मर्यादाच नाही, तो हवा तो भाव लावू शकतो. डॉक्टरांच्या फीला अशी मर्यादा असते म्हणून लोक इथेही ती असेल असं धरून चालतात.